घरफोडीची शिक्षा आणि अपिलाचे तीस दिवस

वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला घरफोडीच्या केसमध्ये शिक्षा लागली आहे. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या गावात रात्री एका बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरी झाली. घरचे लोक लग्नाला गेले होते. सोन्याची बोरमाळ, चांदीचे पैंजण आणि रोख रक्कम गेली. जूनमध्ये पोलिसांनी माझ्या भावाला उचललं. आमच्या घरामागच्या कडब्याच्या गंजीतून त्याने बोरमाळ आणि पैंजण काढून दिले, असा पंचनामा आहे. भाऊ म्हणतो, मी काही काढून दिलं नाही, सह्या ठाण्यात घेतल्या. दोन पंचांपैकी एक कोर्टात फितूर झाला, दुसऱ्याने पंचनाम्यातलं सगळं बरोबर म्हणून सांगितलं. फिर्यादी बाईंनी बोरमाळ आपलीच म्हणून ओळखली, पावती दाखवली नाही.

गेल्या आठवड्यात दंडाधिकाऱ्यांनी कलम ४५७ खाली दोन वर्षं आणि ३८० खाली एक वर्ष सक्तमजुरी दिली. दोन्ही एकत्र भोगायच्या. तो जामिनावर होता म्हणून अपिलासाठी एक महिन्याचा जामीन तिथेच मिळाला. आम्ही पारधी समाजाचे. निकालात त्याच्यावर आणखी तीन गुन्हे दाखल आहेत असं लिहिलंय, पण त्यातल्या एकातही त्याला शिक्षा झालेली नाही.

गावातले म्हणतात, अपील केलं तर शिक्षा वाढते. खरं आहे का? त्या महिन्यात तो टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला होता. मुकादम साक्ष द्यायला तयार आहे, ती आता घेतील का? एस.टी.च्या चालक भरतीचा फॉर्म भरायचा होता, त्याचं काय होईल? आणि वकिलाला द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत.

*एक बहीण, जि. सोलापूर*

उत्तर : ताई, सगळ्यात आधी निकालपत्रावरची तारीख बघा. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवरचं अपील सत्र न्यायालयात जातं. फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचं कलम ३७४ होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१५ आहे. मुदत निकालाच्या तारखेपासून तीस दिवसांची. नक्कल मिळायला लागलेले दिवस कायद्याने या तीस दिवसांतून वजा होतात. अर्ज कधी केला आणि नक्कल कधी तयार झाली, या तारखा नकलेवरच्या शिक्क्यात असतात. पण या हिशोबाच्या भरवशावर थांबू नका. भावाला मिळालेला जामीन आदेशात लिहिलेल्या तारखेपर्यंतच आहे, नकलेच्या दिवसांनी तो वाढत नाही. त्या तारखेच्या आत सत्र न्यायालयाचा आदेश हातात नसेल, तर अपील मुदतीत असूनही त्याच्यावर वॉरंट निघू शकतं.

शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळायला हवी. ती मिळाली नसेल तर उद्याच मागा. त्याबरोबर नक्कल विभागात दुसरा अर्ज द्या, आणि त्यात हे सगळं नाव घेऊन मागा: फिर्याद, सर्व साक्षीदारांचे जबाब उलटतपासासह, घटनास्थळाचा पंचनामा, निवेदनाचा पंचनामा (‘माल काढून देतो’ असं आरोपी म्हणाल्याचा), जप्तीचा पंचनामा, आणि आरोपीचा कलम ३१३ खालचा जबाब (पुराव्याबद्दल कोर्टाने त्याला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं). नुसतं निकालपत्र घेऊन वकिलाकडे जाणारी माणसं मी रोज बघते. निकालपत्रात न्यायाधीशांना जे पटलं ते असतं. जे पटवून घ्यायचं राहून गेलं, ते या बाकीच्या कागदांत असतं, आणि अपील त्यावरच उभं राहतं.

शिक्षा वाढण्याच्या भीतीबद्दल स्पष्ट सांगते. आरोपीने केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. कलम ३८६ मध्ये (आता ४२७) तसे शब्दच आहेत. शिक्षा वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा उच्च न्यायालयाला स्वतंत्र नोटीस काढावी लागते, आणि दोन्ही वेळा आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. तुमच्या प्रकरणात सरकारने तसं काही केल्याचं पत्रात दिसत नाही. या एका अफवेपायी किती तरी गरीब माणसं अपील न करता शिक्षा भोगून येतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. अपील हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा अर्ज द्या (जुनं कलम ३८९, नवं ४३०). ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीच्या अर्जाकडे उदारपणे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली भगवान रामा शिंदे गोसाई यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. अपील सुनावणीला येईपर्यंत दोन वर्षांची शिक्षा भोगून संपली, तर पुढे निर्दोष सुटण्याला काय अर्थ उरेल? जामीनदार आधीच तयार ठेवा. सात-बारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो बरोबर असू द्या. आणि अटकेनंतर भाऊ जितके दिवस आत होता, ते शिक्षेतून वजा होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते: या निकालात टिकण्यासारखं किती आहे?

घर फोडताना भावाला कुणी पाहिलं नाही. सगळा भार त्या गंजीतल्या बोरमाळेवर आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. तिला एक अपवाद पुरावा कायद्याच्या कलम २७ चा, जो आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग वाचता येतो, जो त्या सापडण्याशी थेट जोडलेला आहे. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात हे ठरवलं आणि आजही देशभरच्या कोर्टांत त्याचाच आधार घेतात. म्हणून निवेदनाचा पंचनामा हातात आला की त्यातली वाक्यं नीट बघा. ‘लपवून ठेवलेली बोरमाळ काढून देतो’ एवढं चालेल. ‘घराचा कडीकोयंडा तोडून चोरलेली’ हे त्याच वाक्यात असलं तरी ते वाचायचं नाही. खालच्या कोर्टाने अख्खं वाक्य उचलून निकालात घातलं असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला.

मग उरतो चोरीच्या मालाचा ताबा. चोरीनंतर लवकरच माल कुणाकडे सापडला आणि त्याला खुलासा करता आला नाही, तर तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असावा, असं कोर्ट मानू शकतं. ‘लवकरच’ म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते वस्तूवर ठरतं. दागिना हातोहात फिरतो. जानेवारी ते जून हा काळ बोरमाळेसाठी लहान नाही, हे वकिलाने ठासून मांडायला हवं. हे मान्य झालं तर घरफोडी आणि चोरीचं कलम उडून फार तर कलम ४११, म्हणजे चोरीचा माल बाळगल्याचं कलम उरतं, आणि तेही माल फिर्यादी बाईंचाच होता हे सिद्ध झालं तर.

ते सिद्ध झालंय का? पावती नसणं हे आपल्याकडे नवल नाही. आईने दिलेल्या बोरमाळेची पावती कुणाकडे असते? पण ओळख कशी पटवली हे महत्त्वाचं. तशाच चार-पाच बोरमाळांत मिसळून पंचांसमोर ओळखायला लावली, की पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवून ‘ही तुमचीच ना?’ असं विचारलं? फिर्यादीत वजन, मण्यांची संख्या, काही खूण लिहिली होती का? सोनाराकडून वजन केलं का, आणि त्या सोनाराची साक्ष झाली का? बोरमाळ सगळ्या तालुक्यात सारखीच दिसते.

गंज उघड्यावर होती, तिथे कुणीही माल ठेवू शकतं, हा मुद्दाही घ्यायचा आहे, मात्र त्यावर एकट्यावर विसंबू नका. १९९९ च्या हिमाचल प्रदेशातल्या जीत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की जागा उघडी होती एवढ्याने जप्ती बाद होत नाही, वस्तू लोकांच्या नजरेआड होती का ते बघायचं. कडब्यात खुपसून ठेवलेली वस्तू नजरेआडच असते, असं सरकारी वकील म्हणतील. त्याला उत्तर पंचाच्या उलटतपासात शोधा. पंच ठाण्यावरून किती वाजता निघाला, गाडीत कोण होतं, गंजीचा मालक कोण, आधी कोण गंजीजवळ गेलं, पाकिटाला सील केव्हा लावलं. याच पंचाने त्या ठाण्याच्या इतर किती केसमध्ये सही केली, तेही विचारलेलं असलं तर पाहा.

मी चालवलेल्या एका अपिलात नेमकं हेच कामाला आलं. दोन वेगळ्या गुन्ह्यांतल्या जप्त्या एकाच दिवशी, एकाच पंचासमोर, दोन वेगळ्या गावांत झालेल्या होत्या, आणि दोन्ही पंचनाम्यांवरच्या वेळा एकमेकींवर चढत होत्या. खालच्या कोर्टात दोन्ही पंचनामे रेकॉर्डवर होते. ते शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते. सत्र न्यायाधीशांनी वाचले आणि दोन्ही आरोपी सुटले. वेगळा साक्षीदार नाही, नवा कागद नाही.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात ठसेतज्ज्ञ आल्याचा, कपाटावरून किंवा कुलपावरून ठसे घेतल्याचा उल्लेख आहे का, तेही बघा. ठसे घेतले आणि अहवाल कोर्टात आलाच नाही, तर तो अहवाल सरकारच्या बाजूचा नसावा असं अनुमान काढायला कायदा परवानगी देतो.

आणि ते ‘आणखी तीन गुन्हे दाखल’. आरोपीची वाईट चालचलणूक त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, अपवाद फक्त त्याने स्वतः चांगल्या चालीचा पुरावा दिला तर. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ५४, नव्या अधिनियमाचं ४९. गुन्हा दाखल असणं ही तर चालचलणूकही नाही, तो नुसता संशय आहे. ताई, तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या आहात. सोलापुरात सेटलमेंट कुठे होती, ते तुमच्या घरच्या जुन्या माणसांना माहीत असेल. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, त्यात विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ म्हणून धरणाऱ्या तरतुदीही होत्या. चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय मात्र अजून गेलेली नाही. तेव्हा निकालातलं ते वाक्य अपील अर्जात जसंच्या तसं उतरवा आणि त्याने निकालावर परिणाम झाला, असा स्वतंत्र मुद्दा घ्या. हे लिहायला वकील कचरत असेल तर आग्रह धरा.

मुकादमाच्या साक्षीबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. अपिलात नवा पुरावा घेता येतो (जुनं कलम ३९१, नवं ४३२), पण कोर्ट तो क्वचित घेतं, आणि ‘आधी का दिला नाही’ हा पहिला प्रश्न असतो. भावाने ३१३ च्या जबाबात ऊसतोडीचं सांगितलं होतं का, ते पाहा. सांगितलं असेल आणि मुकादमाच्या वहीत त्या तारखांची हजेरी, उचल किंवा कोयत्याचा हिशोब असेल, तर अर्ज देण्यासारखा आहे. सांगितलंच नसेल, तर आता उभा केलेला साक्षीदार बनावट वाटतो आणि बाकीच्या चांगल्या मुद्द्यांनाही धक्का लागतो. निर्दोष आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी भावावर नाही. सरकारचा पुरावा कुठे तुटतो ते दाखवलं तरी संशयाचा फायदा त्याला मिळतो.

एक पर्यायी मागणी अपिलात असू द्या. दोष कायम राहिला तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडावं, अशी. पहिलीच शिक्षा, तरुण वय, आणि ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्याला जन्मठेप नाही, त्यामुळे हा कायदा लागू होतो, आणि अपील कोर्टालाही तो अधिकार आहे. दंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा का नाकारली याची कारणं निकालात दिली नसतील, तर तीही त्रुटीच.

एस.टी.च्या फॉर्मचं असं आहे: शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी, म्हणजे तो दोषी असल्याचा निर्णय, तशीच राहते. दोषसिद्धीलाही स्थगिती मागता येते, पण ती अपवाद म्हणूनच मिळते. तोवर फॉर्ममध्ये गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. खटल्याची माहिती दडवल्यानेच नोकऱ्या जातात, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. परिवीक्षा मिळाली तर त्या कायद्याचं कलम १२ सांगतं की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. पूर्ण निर्दोष सुटला तर प्रश्नच मिटला.

पैशांसाठी थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि लोकअभिरक्षक कार्यालय आहे. लोकअभिरक्षक हे फौजदारी प्रकरणांसाठीच नेमलेले वकील, अपीलही चालवतात. अनुसूचित जमातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अट नाही. दाखला नसेल तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात की मदत मिळते. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, असं मनात आणू नका. कागद मात्र तुम्हीच जमवून न्या, आणि भावाला बरोबर घेऊन जा. वकील एखाद्या तारखेला आला नाही म्हणून अपील नुसतं निकाली काढता येत नाही, कोर्टाने रेकॉर्ड वाचूनच निर्णय द्यायचा, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बानी सिंग निकालात सांगून ठेवलंय.

सत्र न्यायालयात काही झालं नाही, तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, मुदत नव्वद दिवस. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा आता नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा घरफोडीच्या शिक्षेत कारागृहात आहे. खटल्यात जामीनच मिळाला नाही. निकालाला चार महिने झाले, अपील केलेलं नाही. आता काही करता येईल का? *एक आई, जि. बीड*

उत्तर : येईल. आई, पुढच्या भेटीत त्याला सांगा की कारागृह अधीक्षकांकडे अपिलाचा अर्ज द्यायचाय. कैदी आपलं अपील तुरुंगातूनच देऊ शकतो आणि ते कोर्टाकडे पाठवणं अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. कारागृहात विधी सेवेचं मदत केंद्र असतं, तिथले वकील अर्ज लिहून देतात. अटकेतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तुम्ही स्वतः १५१०० या क्रमांकावर फोन करू शकता.

मुदत गेली म्हणून दार बंद होत नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज जोडा, आणि कारण खरं लिहा: वकील नव्हता, प्रत मिळाली नाही, घरी बाहेरचं बघणारं कुणी नाही. १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आपल्याच राज्यातल्या खटल्यातून आलेला. त्या कैद्याला निकालाची प्रत वेळेत हातात पडली नव्हती. कैद्याला प्रत फुकट आणि तत्परतेने मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात लिहिलं. अर्जात त्याचा उल्लेख करायला सांगा.

प्रश्न : आमचं घर फोडलं. आरोपी पकडला, काही दागिने जप्त झाले, पण तो कोर्टातून निर्दोष सुटला. सरकार अपील करणार नाही म्हणतात. आम्हाला करता येईल? आणि कोर्टात अडकलेले दागिने? *एक वाचक, पुणे*

उत्तर : करता येईल. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क आहे (जुनं कलम ३७२, नवं ४१३), आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालात स्पष्ट झालं. पण आधी निकाल वाचा. आरोपी सुटला तो पुरावा जमा करताना राहिलेल्या उणिवांमुळे सुटला असेल, तर त्या उणिवा अपिलात भरून निघत नाहीत. मी वर त्या ताईंना जे शोधायला सांगितलंय तेच तुम्हीही शोधा. ते तिथे सापडलं, तर अपिलावर पैसे घालू नका, असंच मी सांगेन.

दागिन्यांसाठी अपिलाची वाट बघू नका. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मौल्यवान मुद्देमाल वर्षानुवर्षं पडू देऊ नये, पंचनामा आणि फोटो करून तो हक्कदाराला द्यावा. खटला संपताना मुद्देमालाचा आदेश निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात असतो. बहुतेक वेळा ‘अपिलाची मुदत संपल्यावर फिर्यादीस परत’ असं लिहिलेलं सापडेल. तसं असेल तर मुदत संपल्यावर कोर्टाच्या नाझरकडे (मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) निकालाची नक्कल, ओळखपत्र आणि तुमच्याकडे असतील तेवढ्या पावत्या घेऊन जा. तसा आदेश नसेल तर त्याच कोर्टात साधा अर्ज द्या आणि दागिने वजन करूनच ताब्यात घ्या.